तिचं किती उतरलं?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली दोन माणसं भेटली, की नाव-गाव विचारण्याआधी दोन प्रश्न येतात. ‘तुमचं किती उतरलं?’ आणि ‘आता खाता किती?’ सर्जनच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर, रुग्णांच्या मेळाव्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. उत्तरं ऐकून एकाला बरं वाटतं आणि दुसरा घरी जाऊन पुन्हा काट्यावर उभा राहतो. त्याचा आकडा कमी असतो. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याच्या मनात बसतं आणि पुढे पुढे तो तपासणीला जायचंच टाळू लागतो. हे शेवटचं फार वाईट, कारण या शस्त्रक्रियेत टाके सुकल्यावर डॉक्टरची गरज संपत नाही.

‘तुलना करू नका’ असा सल्ला त्याला सगळे देतात. तो निरुपयोगी आहे असं मला वाटतं. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती: मोजायला पक्कं माप हाताशी नसलं, की माणूस आपल्यासारख्या माणसांकडे पाहून स्वतःचं माप काढतो. या रुग्णाची स्थिती नेमकी तीच असते. बाळंतपणात काय खावं, तापातून उठल्यावर काय खावं, हे सांगायला घरात आई असते, आजी असते, सासू असते. जठराचा तीन-चतुर्थांश भाग काढल्यावर तिसऱ्या आठवड्यात किती वरण पोटात मावायला हवं, हे त्या घरात कोणालाच माहीत नसतं. मग तो शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारणारच. म्हणून तुलना कशी करायची ते शिकून घेतलेलं बरं.

सुरुवात आकड्यांपासून करू. सुनंदा आणि रोहिणी अशा दोघी कल्पू. सुनंदाची उंची १५५ सेंटिमीटर, शस्त्रक्रियेच्या दिवशीचं वजन ११० किलो. रोहिणीची उंची १६५ सेंटिमीटर, वजन १५० किलो. सहा महिन्यांनी सुनंदाचं २५ किलो उतरलं, रोहिणीचं ३५ किलो. बाकावर बसून बोलताना रोहिणी दहा किलोंनी पुढे.

आता सर्जन मंडळी अनेक वर्षं जे माप वापरत आली ते लावू: ‘जादा वजनातली घट’. उंचीनुसार बीएमआय २५ येईल ते वजन योग्य धरायचं, त्यापेक्षा वरचं सगळं जादा. सुनंदाचं योग्य वजन ६० किलो, म्हणजे जादा ५०. त्यातलं २५ गेलं, म्हणजे ५० टक्के. रोहिणीचं योग्य वजन ६८, जादा ८२. त्यातलं ३५ गेलं, म्हणजे जेमतेम ४३ टक्के. आता सुनंदा पुढे. तिसरं माप ‘एकूण वजनातली घट’. सुनंदाची जवळपास २३ टक्के, रोहिणीचीही २३ टक्के. दोघी बरोबरीत.

दोन बायका, तीन मापं, तीन निकाल. आणि यातलं एकही माप खोटं नाही. त्यातही आशियाई लोकांसाठी बीएमआय २५ ऐवजी २३ ही निरोगी वजनाची वरची मर्यादा धरली, तर सुनंदाचे ते ५० टक्के एका क्षणात ४६ होतात, आणि तिच्या अंगावरचा एक ग्रॅमही हललेला नसतो. अलीकडे संशोधक एकूण वजनातली घट पसंत करतात, कारण सुरुवातीचं वजन किती होतं याचा तिच्यावर कमी प्रभाव पडतो. मुळात वजन जास्त असलेल्या माणसाची किलोंमधली घट मोठी असतेच, कारण मोठं शरीर नुसतं बसून राहिलं तरी जास्त ऊर्जा खर्च करतं. त्यात पुरुष असेल तर स्नायू जास्त, खर्च आणखी जास्त. नवरा-बायकोने एकाच महिन्यात शस्त्रक्रिया करून घेतली की नवरा झपाझप उतरतो आणि बायकोला वाटतं आपणच कुठेतरी चोरून खातोय की काय. तसं नसतं.

मोजायला सुरुवात कुठून केली, हाही प्रश्न आहेच. शस्त्रक्रियेआधी बहुतेक ठिकाणी दोनेक आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार देतात. त्यामुळे यकृत आकसतं आणि सर्जनला दुर्बिणीतून जठरापर्यंत पोहोचणं सोपं जातं. या काळात चार-पाच किलो गेलेले असू शकतात. एकजण ते धरून सांगतो, दुसरा वगळून सांगतो.

आकड्यांच्या मागे ऑपरेशन कोणतं झालं हेही पाहावं लागतं, आणि आश्चर्य म्हणजे एकमेकांशी तुलना करणाऱ्या कित्येकांना समोरच्याचं कोणतं झालंय ते ठाऊक नसतं. ‘बेरिॲट्रिक झालंय’ एवढंच ठाऊक असतं. स्लीव्ह म्हणजे जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. बाकीचं जठर आणि आतड्याचा पहिला भाग पोटातच राहतो, पण अन्न तिथून जात नाही. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी या कल्पनेची सुरुवात केली. आतडं जोडण्याची आजची पद्धत मात्र सेझार रू या स्विस सर्जनच्या नावाने ओळखली जाते. तिसरा प्रकार एकाच जोडाचा, भारतात ‘मिनी बायपास’ म्हणून परिचित असलेला. अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये तो सुरू केला.

पूर्वी समज असा होता की पोट लहान केलं म्हणून माणूस कमी खातो, एवढंच. १९९९ मध्ये जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी घ्रेलिन हे भूक जागवणारं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचतं, तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं भरपूर सुटतात. मेंदूला ‘बास’ हा निरोप लवकर जातो. शिवाय मधुमेह असलेल्यांची साखर कित्येकदा वजन फारसं उतरण्याआधीच खाली येते. नॉर्थ कॅरोलिनात वॉल्टर पोरीज यांनी हे पाहिलं तेव्हा त्यांना ते इतकं अनपेक्षित वाटलं, की १९९५ मधल्या त्यांच्या शोधनिबंधाचं शीर्षकच ‘हे कोणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाचं आहे.

स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रियांची खरी तुलना चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांतून झाली. फिनलंडमधल्या चाचणीत २४० रुग्ण होते. पाच वर्षांनी जादा वजनातली घट स्लीव्हवाल्यांची सरासरी ४९ टक्के, बायपासवाल्यांची ५७ टक्के. फरक आहे, पण बाकावरच्या गप्पांत भासतो तेवढा नाही.

काळाचा हिशोबही लक्षात घ्यायला हवा. पहिल्या आठवड्यांत वजन धडाधड उतरतं, त्यात पाणी बरंच असतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपाशीपणात हा साठा आधी संपतो, पाणी निघून जातं, काटा खुशीत खाली येतो. मग तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा अडून बसतो. कधी आठ दिवस, कधी त्याहून जास्त. चरबी तेव्हाही जळत असते, पण शरीर पाणी पुन्हा भरून घेत असल्यामुळे काट्यावर ते दिसत नाही. या आठवड्यात रुग्ण सर्वात जास्त घाबरतो, आणि नेमका याच आठवड्यात त्याला कोणीतरी सांगतं, ‘माझं तर पहिल्या महिन्यात पंधरा किलो गेलं.’ अशा वेळी रोज वजन करणं बंद करून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी करणं उत्तम.

एवढं सगळं सारखं करून पाहिलं, तरी माणसं वेगवेगळीच उतरतात. अमेरिकेत दहा रुग्णालयांतल्या जवळपास अडीच हजार रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या लॅब्ज अभ्यासाचे तीन वर्षांचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. बायपासवाल्यांची घट सरासरीने साडेएकतीस टक्क्यांच्या आसपास होती. पण संशोधकांनी प्रत्येकाच्या आलेखाकडे पाहिलं, तेव्हा त्यांना एक नव्हे, पाच वेगवेगळ्या वाटा दिसल्या. शस्त्रक्रिया तीच, आणि काही जण खूप खाली गेले, काही मध्येच थांबले, काही थोडे परत वर आले. बोस्टनमधल्या संशोधकांनी बायपास झालेल्या सख्ख्या नातेवाइकांच्या जोड्या तपासल्या. जोड्या थोड्याच होत्या, पण निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या सख्ख्या नातेवाइकांची घट एकमेकांशी बरीच जुळत होती. एका छपराखाली राहणाऱ्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या जोड्यांची तेवढी जुळत नव्हती. म्हणजे एकाच स्वयंपाकघरातलं जेवण जेवणाऱ्या जावा-जावांपेक्षा वेगवेगळ्या गावांतल्या दोन बहिणींचे आलेख जवळचे असू शकतात. मनाच्या निर्धाराला या बाबतीत आपण जे श्रेय देतो, आणि निर्धार नाही म्हणून जे दूषण देतो, ती दोन्ही फार मोठी आहेत असं मला वाटतं.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यात उलगडला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर दिसायला सडपातळ असलं तरी आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी साठवतं, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणूनच शस्त्रक्रियेचे निकषही वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचनांनुसार इतरांना बीएमआय ३५ पासून ही शस्त्रक्रिया सुचवावी, तर आशियाई वंशाच्या लोकांना ती २७.५ पासून देऊ करता येते. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या अमेरिकी शेजाऱ्याशी किलोंची तुलना केली तर ती निरर्थकच ठरेल. त्याची सुरुवातच कमी वजनापासून झालेली असते, उतरायला किलो कमी असतात, आणि त्याचा खरा फायदा साखरेच्या आणि यकृताच्या अहवालात दिसतो.

आता खाण्याकडे येऊ. माझ्या मते वजनाच्या तुलनेपेक्षा खाण्याची तुलना जास्त घातक आहे, कारण वजन आपल्या हातात फारसं नसतं, पण खाणं दुसऱ्याचं पाहून लगेच बदलता येतं.

पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ, मग दोनेक आठवडे सगळं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं जेवण, असा साधारण क्रम असतो. रुग्णालयानुसार आठवडे थोडे पुढे-मागे होतात. आपल्या स्वयंपाकघरात या प्रत्येक टप्प्यासाठी पदार्थ आहेत: मुगाचं कढण, वरणाचं पाणी, पातळ ताक, मग घोटलेलं वरण, मऊ उकडलेलं अंडं, कुस्करलेलं पनीर, काटे काढलेली मऊ मासळी. अडचण येते ती पोळीने. मऊ भात बऱ्याच जणांना लवकर चालतो, पण पोळी किंवा पाव छातीत अडकल्यासारखा वाटतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, कधी उलटी होते. शेजारणीने दीड महिन्यात पोळी खाल्ली म्हणून आपणही खायची, हे इथे लागू होत नाही. तिचा टाक्याजवळचा भाग किती सुजलेला आहे आणि तुमचा किती, हे दोघींनाही दिसत नाही.

‘मी दोनच घास खाते’ हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. ऐकणारीला चार घास जातात, म्हणून तिला लाज वाटते. दोघींनीही खरं तर प्रथिनं मोजायला हवीत. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, कित्येकांना त्याहून जास्त. शिजलेल्या मुगाच्या वरणाच्या एका लहान वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पनीरच्या ५० ग्रॅम तुकड्यात नऊच्या आसपास, १०० ग्रॅम दह्यात साडेतीन. आता एका वेळी अर्धी-पाऊण वाटीच मावत असेल तर दिवसातल्या पाच-सहा खाण्यांत ६० पर्यंत पोहोचायचं कसं, याचं गणित मांडून पाहा. सुरमई-बांगडा खाणाऱ्या घरात ते जुळतं, कारण १०० ग्रॅम मासळीत वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. कांदा-लसूणही न खाणाऱ्या शाकाहारी घरात ते बहुधा प्रोटीन पावडरशिवाय जुळत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दोन घास खाणारी वजन भराभर उतरवत असेल, पण त्यात तिचे स्नायू किती गेले हे काटा सांगत नाही. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जाता येतं का, यावरून ते जास्त चांगलं कळतं.

उपवासांचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रात विचारलाच जातो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. एका वाटी खिचडीत प्रथिनं असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची. लहानशा जठराची सगळी जागा साबुदाण्याने भरली तर त्या दिवसाची प्रथिनं गेलीच. ज्यांना उपवास मोडवत नाही त्यांनी दूध, ताक, दही, पनीर, राजगिरा आणि दाणे यांवर दिवस काढावा. निर्जळी मात्र पहिल्या वर्षात करूच नये. घोट-घोट पिऊन दिवसभरात दीड लिटर पाणी पूर्ण करणं हेच या माणसांना आधी कठीण जातं, आणि पाणी कमी पडल्यामुळे सलाईन लावायला परत दाखल व्हावं लागणारे रुग्ण कमी नसतात.

आपली जेवणाची पद्धतही आड येते. आपण घासाबरोबर पाणी पितो, आमटी-भात कालवून खातो, शेवटी ताक पितो. इथे मात्र जेवण आणि पाणी वेगळं ठेवायचं असतं, जेवल्यावर अर्धा तास तरी पाणी नको. घट्ट पदार्थ सावकाश चावून खाल्ला की लहान जठर भरतं आणि तृप्ती टिकते. त्यावर पातळ ओतलं की त्या तृप्तीचा वेळ घटतो. हेच कारण आहे की चहात बुडवलेली बिस्किटं, आइस्क्रीम, शिरा, चिवडा अशा गोष्टी दिवसभर थोड्या थोड्या खाणारा माणूस ‘मी तर काहीच खात नाही’ असं प्रामाणिकपणे म्हणतो आणि त्याचं वजन अडतं. एका वेळी तो खरंच थोडं खातो. दिवसाचा हिशोब कोणी केलेला नसतो.

पंगतीतला आग्रह हा या रुग्णांचा सर्वात मोठा छळ. ‘अगं, एक तरी मोदक घे, तुझ्या जाऊबाईंनी दोन घेतले, त्यांचंही ऑपरेशन झालंय ना?’ जाऊबाईंचं स्लीव्ह असेल तर त्यांना मोदक बहुधा पचेल. हिचा बायपास असेल तर साखर थेट आतड्यात उतरते आणि दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार उशिरा येतो, एक ते तीन तासांनी, जेव्हा इन्सुलिन जास्त सुटून रक्तातली साखर खाली जाते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आग्रह करणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. तरीही घरातल्या मंडळींनी हे एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण पंगतीत बसून हे समजावत राहणं त्या बाईला शक्य नसतं.

आणखी एक गोष्ट रुग्णांना कोणी आधी सांगत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, तुम्ही जास्त खाऊ शकता. सूज ओसरलेली असते, जठराची नळी थोडी सैलावलेली असते, भूक पुन्हा जाणवू लागते. हे अपेक्षितच आहे. अठरा महिने झालेल्या माणसाने दोन महिने झालेल्याची वाटी पाहून ‘आपलं पोट फुगलं’ असं समजू नये, आणि दोन महिनेवाल्याने त्याची अर्धी पोळी पाहून घाई करू नये.

आता मला ज्या गोष्टीबद्दल सर्वात कळकळीने लिहायचं आहे ती ही: कोणत्याही गटात ज्याचं वजन सर्वात वेगाने उतरलं त्याचं कौतुक होतं, पण कधी कधी तोच सर्वात आजारी असतो. कोणी दोन-तीन आठवडे रोज उलट्या करत असेल, पाणीही टिकत नसेल, तर त्याचा आकडा सगळ्यांत सुंदर दिसेल. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. तो संपला की चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो, आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा माणसाला कोणत्याही साध्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजचं सलाईन लावलं आणि आधी थायमिन दिलं नाही, तर अवस्था आणखी बिघडू शकते. ‘माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे’ हे अनोळखी डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायला हवं. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही बायपासनंतर टाळायच्या असतात, कारण जोडाजवळ व्रण होतो.

बाकीच्या उणिवा इतक्या गाजावाजाने येत नाहीत. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या पहिल्या भागात शोषलं जातं, तो भाग बायपासमध्ये वाटेतून वगळलेला असतो. पाळी येणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन हळूहळू घसरतं, आणि थकवा ‘वजन उतरल्यामुळे’ असं समजून दुर्लक्षित राहतो. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. बी-१२ चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून त्याची उणीव उशिरा, गोळ्या घेण्याचा कंटाळा आल्यानंतर दिसते, आणि शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतात. ते बहुधा परत येतात. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वेगाने वजन उतरणाऱ्यात वाढते, म्हणून बरेच डॉक्टर काही महिने त्यासाठी औषध देतात. वजन झपाट्याने उतरत असताना, साधारण वर्ष-दीड वर्ष, गर्भधारणा लांबवायला सांगतात. उलट वजन कमी झाल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात, हे तरुण जोडप्यांना स्पष्ट सांगायला हवं.

दोन शेजाऱ्यांना खाण्याची तुलना करायचीच असेल, तर ‘तू आज प्रथिनं किती घेतलीस, गोळ्या चुकल्या का, मागच्या तपासणीत बी-१२ किती आलं?’ असे प्रश्न विचारावेत. यातल्या प्रत्येकात दुसऱ्याकडून काहीतरी शिकण्यासारखं निघतं, कारण यातलं सगळं करता येण्याजोगं आहे.

दोन वर्षांनंतर तुलनेचं रूप पालटतं. आता ‘किती उतरलं’ ऐवजी ‘किती परत आलं’ हा प्रश्न असतो आणि तो कोणी मोठ्याने विचारत नाही. सर्वात कमी वजन बहुधा बारा ते अठरा महिन्यांत येतं. त्यानंतर थोडं वर येणं हे नियमातच बसतं. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांची घट पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के होती, दहा वर्षांनी ती २५ टक्क्यांवर स्थिरावली. परत आलेले ते सात टक्के प्रत्येक रुग्णाला स्वतःचं अपयश वाटतं. पण ते सरासरीतच आहे. त्याहून बरंच जास्त परत आलं तर त्याची कारणं शोधायला सर्जनकडे, आहारतज्ज्ञाकडे जावं. स्टेरॉइड किंवा काही मानसोपचाराच्या औषधांनीही वजन वाढतं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं आता भारतातही मिळतात आणि वजन परत आलेल्या काही रुग्णांना डॉक्टर ती देतात. ७२ आठवड्यांच्या एका चाचणीत टिर्झेपाटाइडच्या सर्वात मोठ्या मात्रेने सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास घट झाली. ‘मग ऑपरेशन उगाच केलं’ असं काही जणांच्या मनात येतं. इंजेक्शन थांबलं की वजन बहुतेकांचं परत येऊ लागतं, हे त्या तुलनेत धरायला हवं.

स्वीडनचा तो अभ्यास १९८७ मध्ये सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० जण एका बाजूला, आणि तेवढेच लठ्ठ, पण नेहमीचे उपचार घेणारे २,०३७ जण दुसऱ्या बाजूला. मला तुलनेचा हा सर्वात योग्य नमुना वाटतो, कारण शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही शस्त्रक्रिया झालेलाच असतो. शस्त्रक्रिया न झालेला माणूस त्या बाकावर नसतोच. तो स्वीडनच्या नोंदींत होता, आणि त्याचं वजन पंधरा वर्षांपर्यंत सरासरीने दोन टक्केही इकडे-तिकडे सरकलं नाही. त्याचे नेहमीचे उपचार चालू असूनही. ज्याचं वजन दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा २० टक्क्यांनी कमी आहे आणि जो मैत्रिणीचे ३० टक्के पाहून खंतावतो, त्याने स्वतःला या माणसाशेजारी ठेवून पाहावं.

याच लोकांच्या आयुर्मानाचा हिशोब २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेले लोक, न झालेल्या लठ्ठ लोकांपेक्षा सुमारे ३ वर्षं जास्त जगले. पण सर्वसामान्य लोकांपेक्षा त्यांचं आयुष्य तरीही साडेपाच वर्षांनी कमी भरलं. कारण उतरूनही बऱ्याच जणांचं वजन योग्य मर्यादेच्या वरच राहिलं होतं, आणि शस्त्रक्रियेआधीची लठ्ठपणाची वर्षं रक्तवाहिन्यांवर आणि हृदयावर आपलं काम करून गेली होती. बायपासनंतर दारू जास्त वेगाने चढते आणि तिचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो, तोही या हिशोबात आहे. म्हणून वजन ८० किलोंवर येऊन स्थिरावलेल्या माणसाचंही बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासलं जातं, आणि तो पीत असेल तर किती पितो हेही त्या भेटीत विचारलं जायला हवं.